फिकट काउंटी

घर घ्यायचं ठरलं तेव्हा नवऱ्याचा पुण्याचा मित्र लॅपटॉप घेऊन आमच्या अर्विंगच्या अपार्टमेंटमध्ये आला. स्क्रीनवर टेक्ससचा नकाशा होता. मेक्सिकन आणि इतर लॅटिनो लोक जास्त ती काउंटी, म्हणजे इथला जिल्हा, गडद; कमी ती फिकट. खाली सीमेलगत सगळं गडद, आमची डॅलस काउंटीही चांगलीच रंगलेली.

"यार, फिकट बघून घे. रीसेल चांगला मिळतो," तो म्हणाला. स्वतः ग्रीन कार्डाच्या रांगेत ताटकळलेला माणूस, आणि परके कोण ते मला शिकवत होता! सून गोरीच हवी म्हणणाऱ्या घरांतूनच ही अक्कल येते.

मला काळजी आईची होती. ती नागपूरहून सहा महिन्यांसाठी आली होती आणि तिने इथेच राहावं अशी माझी फार इच्छा होती. तिला इंग्रजीचा गंध नाही. पण शेजारच्या मेक्सिकन मावशींशी तिची गट्टी जमली होती. त्या स्पॅनिशमध्ये बोलायच्या, ही नागपुरीत. बाल्कनीत दोघींच्या मिरच्या शेजारी शेजारी वाळायच्या, आणि दुपारभर हसणं ऐकू यायचं.

"आई जातील परत. घर आपल्याला तीस वर्षं ठेवायचंय," नवरा म्हणाला.

शेजारच्या काउंटीत, फ्रिस्कोला, फिकट रंगातलं घर मिळालं. समोरच त्या मित्राचं घर, दोन्ही बाजूंना आपलेच लोक. गॅरेज उघडायचं, गाडी आत जायची, गॅरेज बंद. माणूस काही दिसायचा नाही.

एकदा आईने गॅरेजसमोरच्या ड्राइव्हवेवर जुनी साडी अंथरून मिरच्या घातल्या. दोन दिवसांत कॉलनीच्या असोसिएशनची नोटीस आली. तक्रार कोणी केली ते शोधावं लागलं नाही. मित्र स्वतःच सांगायला आला, आणि वर साळसूदपणे म्हणाला, "काकू, राग मानू नका. पण एरिया कसा वाटतो मग!"

आईने मिरच्या गोळा केल्या. रात्री जेवताना म्हणाली, "माहं तिकीट अलीकडचं करून दे. इथं बोलू कोनाशी वं? सारे आपलेच तं हायेत."

मी रडले, भांडले. ती ऐकेना.

एअरपोर्टला जाताना तिने अर्विंगला गाडी थांबवायला लावली. मिरच्यांची पिशवी मावशींच्या हातात दिली. दारातच दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. मी वळून पाहिलं. नवरा गाडीतच बसला होता, आतून दारं लॉक करून.