तुमसरची फुकट परीक्षा

तुमसर रोड स्टेशनवर गाडीतून उतरले आणि पहिला धक्का बसला तो स्वागताचा. माझ्यासारख्या पुण्याच्या साध्या संगणक-प्रशिक्षिकेला घ्यायला एक मुलगी चक्क डब्यासमोर उभी! ही वनिता. आंबागडची, तुमसरच्या एका राइस मिलमध्ये कॉम्प्युटरवर काम करणारी आणि आजच्या संगणक परिषदेची स्वयंसेविका. माझी बॅग तिने हातातून जवळजवळ हिसकावूनच घेतली.

गावात शिरताना गिरण्यांची धुराडी दिसली, अंगणांत वाळत घातलेलं उकडलेलं धान दिसलं आणि सगळीकडे कोंड्याचा वास होता. ऑटोत वनिता सांगत होती, की वर्षभर मिल सुटल्यावर ती क्लाउड कॉम्प्युटिंगच्या परीक्षेचा अभ्यास करते आहे. "उद्या नागपूरले मुलाखत आहे जी. सर्टिफिकेट आणा म्हनते. त्याची फी काही मले झेपत नाई. आज परिषदेत फुकट आहे म्हनून भागलं."

मी ऑटोबाहेर बघायला लागले. कारण माझ्या भाषणाचा विषयच होता, अशा परीक्षा फुकट का नसाव्यात. तरी सभागृहात मी ते ठणकावून सांगितलंच. फुकट मिळालं की किंमत राहत नाही, लोक बिनतयारीचे येऊन बसतात, वगैरे. वनितानेही टाळ्या वाजवल्या.

मग पंगत. चिन्नोरचा (इथला सुवासिक तांदूळ) भात आणि पाटोडीचा रस्सा (बेसनाच्या वड्यांचं झणझणीत कालवण). पाहुणे आधी, घरचे मागून, आणि आग्रह असा की हात आडवा धरायची सोय नाही. तसा धरला, तर वाढपिणीचा रस्सा माझ्या बाहीवर सांडला.

जेवणानंतर परीक्षा होती. कॉम्प्युटर सहा, वेळ दीड तास. नागपूरचे पाच पाहुणे आधीच बसले होते. सहाव्या खुर्चीपाशी वनिता उभी होती.

"बसा न जी, मॅडम."

"अगं, तुझी परीक्षा आहे ना?"

"माझं होते मंग. तुमी बसा."

गाडीला वेळ होता. परीक्षा फुकटच होती. बसले! अभ्यास शून्य. अंदाजपंचे दाहोदरसे उत्तरं ठोकली, नापास झाले आणि शेजारच्या पाहुण्यांना टाळी देऊन खदाखदा हसले. तेही नापासच झाले होते.

बाहेर वनिता वही छातीशी धरून भिंतीला टेकली होती. "जा, बस आता," मी म्हटलं. तेवढ्यात पर्यवेक्षक खुर्च्या आत ढकलत म्हणाले, "चार वाजले. परीक्षा चारलेच बंद होते. आता कॉम्प्युटरवर ते उघडतच नाई." माझ्या हट्टाखातर त्यांनी दोनदा प्रयत्न केला. खरंच उघडेना.

"वनिता, तुला चारची वेळ ठाऊक होती?"

"हो जी. वाटलं, लवकर होईन तुमचं."

"मग बोलली का नाहीस?"

ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मीच काहीतरी भलतं विचारलं होतं. "पाहुन्याले पाटावरून उठवतात काय जी?"

कोणी थोबाडीत मारावी तसं झालं. सकाळी ज्या बिनतयारीच्या लोकांवर मी तोंडसुख घेतलं, त्यांत पहिला नंबर माझाच! आणि जिची तयारी होती, ती दीड तास दाराबाहेर उभी. मी फी भरते म्हटलं, पण त्या दिवशी रविवार. मुलाखतीआधी दुसरं केंद्र उघडणार नव्हतं. वनिता मलाच धीर देत होती. "जातो मी उद्या. विचारतीन त्याची उत्तरं तं येतात मले."

स्टेशनवर तिने बॅग पुन्हा माझ्या हातून घेतली, जागा शोधून दिली आणि गाडी हलेपर्यंत खिडकीशी थांबली. मला तिच्याकडे नीट बघवलं नाही.

पुण्यात मैत्रिणी विचारतात, मग काय ठरलं, या परीक्षा फुकट असाव्यात का? असाव्यात, मी आता लाज सोडून सांगते. फक्त आधी कोणी बसायचं, हे यजमानांवर सोडू नये. ते पाहुण्यांनाच बसवतात. आणि पाहुणे बसतात.