अंगावर घेतलेला गोटा

डॉक्टरनं ती बाटली ट्रेमध्ये ठेवली आणि ट्रे वॉर्डभर फिरवला.

मी टेबलावर पालथा होतो. कमरेखाली उघडा. पडदा होता, पण कंपाउंडरनं तो मुद्दाम बाजूला सारला होता. खाटांवरची माणसं कोपरावर रेलून पाहत होती. पायाला प्लास्टर असलेला एक म्हातारा, तोसुद्धा उठून बसला. बाटली डोक्याला लावायच्या तेलाची, लहानशी, काचेची. सकाळपासून ती माझ्या आत अडकली होती. डॉक्टर म्हणाला, "काहो बाबू, सरकारनं हेच काम देऊन ठेवलं का तुम्हाले?"

सगळे हसले. मीही थोडा हसलो. ते माझं हसणं आजही मला पचलेलं नाही.

दवाखाना पांढुर्ण्याचा, एका शेटजीनं आईच्या नावानं बांधलेला, धर्मादाय. डॉक्टर शेटजीचा पुतण्या. खादी घालायचा. पंधरा ऑगस्टला झेंडा त्याच्याच हातून वर जायचा आणि भाषणात आम्ही सगळे त्याचे भाऊ असायचो. या भावानं माझी बाटली फेकली नाही. धुऊन औषधांच्या कपाटात वरच्या फळीवर ठेवली, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावी म्हणून. वर दम दिला, सोबत कोण होता त्याचं नाव सांग, नाहीतर पोलिसात देतो. सोबत कोणीच नव्हतं. सौंसरची माझी भाड्याची खोली, आतून लावलेली कडी आणि मी. तिशी गाठलेला सरकारी कारकून. माझा जीव पुरुषावरच जडतो हे मला कळत होतं. माझं शरीर काय सोसतं आणि काय सोसत नाही, हे मात्र मला कोणीच शिकवलं नव्हतं. कोण शिकवणार? बाप?

पुढं रक्त जात राहिलं. लोकांच्या नजरा चुकवत मी नागपूरला गेलो. तिथं एक वयस्क सर्जन भेटले. त्यांनी आधी दार लावलं. मग तपासलं. मग बसवून सांगितलं, जसं एखाद्याला मधुमेहाचं पथ्य सांगावं तसं. ज्या वस्तूचा तळ रुंद नाही ती आत ओढली जाते, हातात राहत नाही. काच तर कधीच नाही. दुखलं की थांबायचं, दुखणं म्हणजे शरीराची हाक असते. दारू प्यायली की ती हाक ऐकू येत नाही, म्हणून पिऊन काही करायचं नाही. आतडं कागदासारखं फाटतं आणि फाटताना कधीकधी फारसं कळतही नाही. रक्त थांबेना, ताप चढला, पोट फळीसारखं कडक झालं, तर घरी राहायचं नाही. त्या वेळी लाज धरली तर जीव जातो, असं ते म्हणाले. एवढं बोलताना ते एकदाही हसले नाहीत. मी बाहेर व्हरांड्यात येऊन रडलो. माणसासारखं वागवलं म्हणून रडायची पाळी यावी, काय जगणं म्हणायचं हे?

पांढुर्ण्याचा वामन माझा मित्र. संत्र्याचे बगीचे ठेक्यानं घ्यायचा, टोपल्या भरून गाडीनं पाठवायचा. लग्न झालेलं, घरी बायको. आमच्यात एके काळी जे होतं ते पुढं मैत्रीवर आलं, पण वामनचा स्वभाव तोच राहिला. तहान भागवायला तो कुठंही जाई, कोणाबरोबरही. मी त्याला दोन्ही गोष्टी सांगितल्या. नागपूरच्या सर्जनचं सांगणं आणि ट्रेमधली बाटली. त्याच्या लक्षात बाटलीच राहिली. एकदा बायकोसाठी खोकल्याचं औषध आणायला तो त्या दवाखान्यात गेला होता, तेव्हा कंपाउंडरनं त्याला फळीवरची ती बाटली दाखवली आणि गोष्ट रंगवून सांगितली. वामनला सगळ्यांबरोबर हसावं लागलं. मला म्हणाला, मी हसलो ना गड्या, काय करू?

मग राज्यं नव्यानं वाटली गेली. नागपूर मुंबईकडं गेलं, आम्ही भोपाळकडं. भाषा मराठी, सोयरीक सारी विदर्भात, आणि कागद हिंदीत. आम्हाला न विचारता आमचं ठरवलं, अशी गावभर बोंब होती. सभा झाल्या. डॉक्टर बोलायला सगळ्यांत पुढं. माणसाला न विचारता त्याची अब्रू दुसऱ्याच्या हातात देणं म्हणजे गुलामी, असं तो म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत.

त्यानंतरचा पोळा. दुसऱ्या दिवशी आमच्याकडं गोटमार असते. जाम नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात, वर झेंडा. या काठावर पांढुर्णा, त्या काठावर सावरगाव, आणि दिवसभर गोट्यांचा पाऊस. पांढुर्ण्याच्या पोरानं सावरगावची पोरगी पळवली, दोघांना नदीतच लोकांनी गोट्यांनी मारलं, अशी गोष्ट सांगतात. ज्या प्रेमाला ठेचून मारलं त्याचीच दरसाल जत्रा. डोकं फुटलेल्याला चंडीच्या देवळात नेतात, जखमेला अंगारा लावतात, खांद्यावर घेऊन नाचवतात. त्या दिवशी रक्ताला लाज नसते.

पोळ्याच्या संध्याकाळी वामन तिगावकडच्या एका बगीच्यात कोणाबरोबर तरी होता. दोघंही भरपूर प्यायलेले. जे शरीराला सोसत नाही ते झालं. सकाळी पोटात आग. धोतराला रक्त. दवाखाना तोच, डॉक्टर तोच. आणि वामननं काय करावं? तो नदीवर गेला. लोक गोटे चुकवत होते आणि हा पुढं जाऊन उभा राहिला, गोटा लागेपर्यंत हलला नाही. गोटा बरगडीवर बसला. वामन खाली पडला. लोकांनी उचललं, जयजयकार केला, अंगारा लावला, दवाखान्यात नेलं. आता दुखण्याला सांगण्यासारखं कारण होतं. डॉक्टरनं बरगडीला पट्टा बांधला, शाबास म्हणाला, घरी पाठवलं. पोटाला हात लावला नाही. गोटा बरगडीला लागला, तर पोट कशाला पाहील?

मला सौंसरला निरोप आला तोवर त्याला ताप भरला होता. गेलो. पोट फळीसारखं. मला पाहून त्यानं बायकोला पाणी आणायला पाठवलं आणि सगळं सांगून टाकलं. मी म्हणालो, डॉक्टरला खरं सांगू, अजून वेळ आहे. त्यानं माझं मनगट धरलं.

"नोको. मले ट्रेमधी नोको फिरवू. त्यापरीस मेलेलो बरा."

मी मनगट सोडवून घेतलं आणि थेट दवाखान्यात गेलो. वॉर्ड गोटमारीच्या जखमींनी भरलेला. डॉक्टर मला पाहताच कंपाउंडरकडं बघून हसला. नोकरी जाईल, पोलीस येतील, गावात तोंड दाखवता येणार नाही, हे सगळं डोक्यात होतं. तरी मी वॉर्डाच्या मधोमध उभा राहिलो आणि वामनला काय झालंय ते सगळ्यांसमोर सांगण्याऐवजी फक्त माझं सांगितलं. म्हणालो, "ती बाटली माझी होती. सगळ्यांनी ऐकलं ना? झालं. आता दाखवायला तुमच्यापाशी काही उरलं नाही. बाजूले या, एक माणूस मरून राहिला."

तो आला बाजूला. मी खरं काय ते त्याच्या कानात सांगितलं. आतडं फाटलंय म्हणालो. त्याच्या तोंडावर पुन्हा ते हसू यायला लागलं.

"हासायचं असन तर वाटेत हासा," मी म्हणालो. "पण चाला."

तो आला. पोटाला हात लावला आणि हसू गेलं. नागपूरला न्या, आत्ताच्या आत्ता, म्हणाला. आम्ही वामनला खाटेसकट स्टेशनवर नेलं. गाडी उशिरा आली. नागपूर येण्याआधीच माझ्या मांडीवर त्याचं डोकं जड झालं.

पांढुर्ण्यात त्याची अंत्ययात्रा वाजतगाजत निघाली. गोटमारीत गेला, भाग्याचा गेला, असं जो तो म्हणत होता. डॉक्टरनं हार घातला. मला बाजूला घेऊन म्हणाला, झाकली मूठ राहू द्या, घराची अब्रू आहे. ज्यानं माझी अब्रू फळीवर मांडली तो मला अब्रू शिकवत होता. मी त्याचा हात झटकला.

सुतकाचे दिवस संपल्यावर वामनच्या बायकोनं मला आतल्या खोलीत बोलावलं. तिनं त्याला शेवटची आंघोळ घातली होती.

"डाग बरगडीवर होता, भाऊजी. पोट काहून फुगलं?"

मी तिला सगळं सांगितलं. ती रडली नाही. तिनं विचारलं, लोक हासले नसते तर हे खरं बोलले असते का दवाखान्यात? मी म्हणालो, बोलला असता. सकाळीच गेला असता.

"मंग सांगा लोकाइले," ती म्हणाली. "त्याइचं नाव नोका घेऊ. पण सांगा."

म्हणून वामन हे त्याचं खरं नाव नाही. बाकी सगळं खरं आहे.

आता आमच्यासारख्या पुरुषांना मी सर्जननं सांगितलेलं सांगतो. बाजारात, जत्रेत, स्टेशनवर, जिथं भेटतील तिथं. कोणी चिडतात, कोणी पळतात, काही ऐकतात. त्यांना म्हणतो, तुमच्या अंगातून रक्त गेलं तर कोणाच्या बाजूनं उभं राहायचं ते मी ठरवलंय. तुमच्यासोबत मी दवाखान्यात येईन, टेबलाशी उभा राहीन, पडदा माझ्या हातानं ओढीन. जो डॉक्टर हसेल त्याला मी तिथंच, सगळ्यांदेखत विचारीन, हा माणूस मेला तर तुम्ही तो कशानं मेला म्हणून लिहिणार? आणि उत्तर मिळेपर्यंत तिथून हलणार नाही.