समिधा मनगट धरून रस्ता विचारते

आमच्या हॉस्पिटलात एक शब्द उच्चारायला बंदी होती. मॅनेजमेंटनं घातलेली असती तर कुणी जुमानली नसती. पण ती समिधानं घातली होती, म्हणून मुकाट पाळावी लागायची. शब्द होता 'खलास'.

दुबईत राहून खलास म्हणायचं नाही, म्हणजे सांगलीत राहून हळदीचं नाव घ्यायचं नाही असं झालं. टॅक्सी पोचली, खलास. चहा संपला, खलास. भांडण मिटलं, तरी खलास. अरबीतला किती साधा शब्द, झालं म्हणून सांगायचा. पण २००८ सरता सरता बांधकामं धडाधड बंद पडली आणि जबल अलीच्या मजुरांच्या कॅम्पांमधून त्याला वेगळाच अर्थ चिकटला. 'तो खलास झाला' म्हणजे त्याची नोकरी गेली, व्हिसा गेला, आता विमानात बसवून देणार. आणि आपल्या मराठीत खलास म्हणजे काय, ते मी सांगायला नको.

मी मुरलीधर. लॅबमध्ये ब्लड गॅसचं मशीन सांभाळतो. माणसाची फुफ्फुसं खरंच काम करताहेत की नुसती हजेरी लावताहेत, ते हे मशीन थोड्याशा रक्तावरून सांगतं. पण रक्त नेहमीच्या शिरेतलं चालत नाही. वैद्य नाडी बघतात ना, तिथल्या धमनीतलं लागतं. सिरिंजमध्ये हवेचा बुडबुडा राहिला की आकडा बिघडला, पाठवायला उशीर केला की बिघडला. अशी सँपल मी सरळ परत पाठवतो, त्यामुळे सगळे वॉर्ड माझ्यावर दात खाऊन असतात. खाऊ देत. नासक्या दुधाचा चहा मी घरीही पीत नाही.

समिधाचं सँपल मात्र मी कधी परत केलं नाही, आणि हे तिला ठाऊक असल्यामुळे ती डोक्यावर बसलेली होती. रत्नागिरीकडची नर्स, तोंडानं फटकळ, हातानं हलकी. सुईच्या आधी ती पेशंटला मूठ आवळायला लावायची आणि मनगटातल्या दोन्ही नाड्या अंगठ्यांनी दाबायची. मूठ उघडली की तळवा पांढराफटक. मग करंगळीकडची नाडी सोडायची. तळवा भरभर गुलाबी झाला, म्हणजे एका वाटेला काही झालं तरी दुसरी वाट हाताला रक्त पुरवणार. नाही झाला, तर त्या हाताला ती शिवायची नाही. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, हे विचारल्याशिवाय ती ट्रे उघडायची नाही.

पण तिची खरी करामत सुई निघाल्यावर. धमनी म्हणजे जोराचा नळ, तिथे बोट दाबून धरावंच लागतं. पेशंटला 'तुम्ही धरा' म्हटलं की तो दोन क्षण धरतो आणि कापूस उचलून बघतो. म्हणून समिधा स्वतः दाबून धरायची आणि विचारायची, "तुमच्या गावच्या स्टँडवर उतरले. आता तुमच्या घरी कशी येऊ?" माणूस रस्ता सांगायला लागायचा. घर येईपर्यंत ती बोट हलवायची नाही. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, तर रक्त उशिरा थांबतं, म्हणून त्याला बोलण्यातच स्टँडवर आधी चहा प्यायला लावायची, वाटेत एखाद्या देवळात बसवायची, मग पुढे न्यायची. पेशावरपासून कोल्लमपर्यंत किती घरांचे रस्ते तिला तोंडपाठ होते देव जाणे. शारजात मात्र स्वतःची बिल्डिंग टॅक्सीवाल्याला सांगता यायची नाही. आम्ही एकाच व्हॅननं जायचो, म्हणून निभावलं.

तर भिकाजी. राजापूरकडचा शटरिंगचा, म्हणजे काँक्रीटचे साचे ठोकणारा सुतार, न्यूमोनियानं आमच्याकडे आला आणि बरा होत आला. त्याची कंपनी अर्धी गुंडाळत होती. फिट माणसांना अबू धाबीच्या पलीकडच्या कामावर नेणार, बाकीच्यांना घरी धाडणार. बस दुसऱ्या दिवशी सकाळी. डॉक्टर शहनाझ म्हणाल्या, ऑक्सिजनचा मास्क काढून ब्लड गॅस करा, चांगला आला तर फिट लिहिते.

समिधाची सुट्टी होती. वरच्या मजल्यावरचा एक नवा ब्रदर आला, त्यानं रक्त काढलं, कापूस ठेवला आणि प्रेमानं म्हणाला, "खलास, चाचा."

भिकाजीनं कॅम्पातला अर्थ घेतला. म्हणजे आपण फेल, उद्याच्या बसमध्ये आपण नाही. तो ताडकन उठून बसला, कापूस पडला, आणि मनगट बघता बघता वांग्यासारखं सुजून निळं झालं. वर ते रक्त काळपट, ऑक्सिजनचा आकडा एकदम खाली, आणि बोटाला लावलेला ऑक्सिजन मोजायचा चिमटा मात्र म्हणतोय की सगळं ठीक. मी डॉक्टरांना फोन केला. म्हटलं, हे शिरेतलं रक्त असावं, पण मशीनला 'असावं' छापता येत नाही. त्या म्हणाल्या, उद्या सकाळी दुबारा भेजो, बस निघण्याआधी.

सकाळी समिधा हजर झाली. हकीकत ऐकून आधी ब्रदरला धुतलं, मग मला धुतलं, माझा काय संबंध ते अजून कळलेलं नाही. माझं मशीन वॉर्डाला लागूनच्या खोलीत, मध्ये नुसता पडदा. त्यामुळे पुढचं सगळं मी ऐकलं.

भिकाजी हात देईना. दोन्ही हात पांघरुणात.

"काय दादा, हात काय लग्नासाठी राखून ठेवलाय?"

"बाय, सुईचं भ्या नाय. आकड्याचं आहे." मग आवाज खाली आणून म्हणाला, "आमच्या खोलीतला एक सांगत होता, सिरिंजात थोडी हवा राहिली की आकडा चढतो. राहू दे ना जरा."

मी पडद्याआड खुर्चीवरून उठलोच. पण त्या खोलीतल्या माणसाची माहिती बरोबर होती, हे कबूल करायला हवं.

"चढतो ना," समिधा म्हणाली. "ही अख्खी दुबई हवेवरच चढली होती. ते बघा खिडकीतून." खिडकीबाहेर चार क्रेन केव्हापासून जागच्या जागी उभ्या होत्या. "आकडा चढेल हो. तुम्ही परांचीवर चढलात आणि धाप लागली, तर काय कराल? मुरलीभाऊंचा कागद हुंगाल?"

भिकाजीनं क्रेनकडे पाहिलं. मग म्हणाला, "यंदा गावात जो उतरतो त्याला लोक म्हणतात, आला वाटतं खलास होऊन. माझ्या दारात मला ते ऐकायचं नाय."

हे ऐकून मला त्या माणसाचं फार वाईट वाटलं. समिधाला शब्दाची बंदी मोडलेली चालायची नाही, पण तेव्हा तिनं ते सोडून दिलं. "आणा हात," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या मनगटाची मूठ झाली, तळवा पांढरा झाला, गुलाबी झाला. सुई गेली. सिरिंज ओढावी लागली नाही, नाडीच्या ठोक्यांनी आपोआप भरली, लालभडक. समिधानं सुई टोपण न लावता पिवळ्या डब्यात टाकली, सिरिंज उभी धरून टिचक्या मारल्या, हवा कापसावर काढली, तोंड बंद केलं, तिथेच नाव चिकटवलं आणि पडद्यातून हात माझ्याकडे केला. दुसऱ्या हाताचं बोट मनगटावर होतंच.

"राजापूरच्या स्टँडवर उतरले. आता?"

"सहा आसनी मिळते. तिठ्यापर्यंत." तो सांगायला लागला. मी सिरिंज तळहातांत फिरवत मशीनला लावली. "तिठ्यावरनं पायी. डाव्या अंगाला काजू. मग घाटी उतरायची, खाली वहाळ. वहाळावर साकव आहे, त्याची एक फळी हलते, तिथं पाय जपून."

"जपते. पुढे?"

"चढ चढलं की कुंपणाच्या तोंडाशी आमचं बेडं, आडव्या बांबूंचं. पोरगी धावत येते काढायला." इथं तो अडखळला. "म्हणजे यायची. आता ती दहावीला. धावत काय येणार."

"आणि मग?"

रस्ता बेड्यापाशीच राहिला. समिधानं कापूस उचलला असावा, कारण ती म्हणाली, "थांबलं, दादा."

आकडा आला. स्वच्छ, चांगला, हवेची एक टिकली नसलेला आकडा. मी स्वतः कागद घेऊन डॉक्टर शहनाझकडे गेलो, त्यांनी फिट लिहिलं, सही केली. मी अक्षरशः पळत परत आलो, आणि या वयात मी बससाठीही पळत नाही.

भिकाजीनं कागद दोन्ही हातांत धरला. "म्हणजे मला आता कोण घालवू शकत नाय?"

"कुणाची टाप नाही," मी म्हटलं. "यल्ला, बॅग भर. बस उभी आहे."

"मग मी घरी जातो."

मी भडकलो. म्हटलं, अरे शहाण्या, आम्ही सकाळपासून इथे काय भजन करतोय? मघाशी आकड्यासाठी रडत होतास, आता हातात आला तर फेकतोस? तो शांतपणे म्हणाला, "फेकत नाय. गावात कोण विचारील त्याला दाखवीन. फिट होतो, आपणहून आलो."

समिधा कावरीबावरी झाली. तिला तसं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. "अहो दादा, रक्त थांबावं म्हणून मी रस्ता विचारला. तुम्हाला धाडायला नव्हे."

भिकाजीनं कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि तिच्याकडे बघून हसला.

"बाय, बेड्यापर्यंत आणून सोडलंस. आता आत तरी जाऊ दे."