तात्यांच्या फायलींचं कुलूप

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. तात्यांच्या कॉम्प्युटरला कुलूप मी लावलं होतं, आणि ते कसं काम करतं हे मला ठाऊक नव्हतं.

तात्या म्हणजे मस्तगड या आमच्या मोहल्ल्यातले शेजारी, निवृत्त पोस्टमास्तर. हौसेने सोयरिकी जुळवायचे. ऐन थंडीत त्यांच्या खोलीतला कूलर घरघरायला लागला, की गल्लीला कळायचं, आत कुणी बाप लेकीबद्दल काहीतरी नाजूक सांगतो आहे. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून ही युक्ती. पाहुणा कुडकुडायला लागला की तात्या स्वतःची शाल त्याच्या अंगावर टाकायचे. "थंडी सोसा, पण बोला."

ऐकलेलं सगळं ते वहीत लिहीत. सुपारी फुटण्याआधी दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवून स्वतः सांगत. "तवर ती गोष्ट माझ्यापाशी अमानत," म्हणत.

पुतण्याने जुना कॉम्प्युटर दिला, तेव्हा वह्या त्यात उतरवल्या आणि मला बोलावलं. मी शाळेत कॉम्प्युटर शिकवतो, म्हणून गल्लीत मी 'सर'.

"सर, फायलींना कुलूप लावायचं चांगलं सॉफ्टवेअर सांगा. पण आधी हे सांगा, त्यानं आतलं लिखाण खरंच बदलतं, का नुसतं झाकतं? किल्ली माझ्या एकट्यापाशी राहते, का कंपनीपाशीबी? अन् उद्या मी पासवर्ड विसरलो, त मंग?"

आठवडाभर वाचत बसलो. एक जण म्हणे फुकटचं घ्या, त्याची आतली रचना कुणालाही तपासता येते. दुसरा म्हणे विकतचंच घ्या. कुठे लिहिलेलं, विंडोजमध्येच सोय आहे. मी शोधली तर तात्यांच्या विंडोजमध्ये ती नव्हतीच. पासवर्ड हरवला तर फायली कायमच्या गेल्या, हे वाचून तर हबकलोच. शेवटी ज्याच्या चित्रात मोठं पितळी कुलूप होतं, ते सॉफ्टवेअर टाकून मोकळा झालो.

"बराबर आहे ना, सर?"

"बिलकुल, तात्या."

फोल्डर दिसेनासं झालं. तात्या खूश. "वा! कूलरपेक्षा झकास. थंडीबी वाजत न्हाई."

पुढे कॉम्प्युटर बंद पडला. दुरुस्तीला मीच नेला. महिन्याभरात अंबडच्या एका मुलीची ठरत आलेली सोयरीक मोडली. लहानपणी तिला फिट यायच्या, हे तात्यांनी सांगण्याआधीच मुलाकडच्यांना कळलं होतं. तिचे वडील दारात उभे राहून म्हणाले, "तात्या, तुमच्याबिगर कोणाला सांगितलं नव्हतं हो." त्या दिवशी कूलर लावायला तात्या उठले नाहीत. सगळ्या गल्लीने ऐकलं.

मी तडक दुरुस्तीच्या दुकानात गेलो. दुकानदार हसला. "कुलूप कशाचं, सर? फोल्डर नुसतं लपवलेलं होतं. लपलेलं दाखव म्हटलं, की दिसतं. ते मुलाकडचे धावडा गावचे, आमचेच पाव्हणे. सहज बोलून गेल्तो मी."

त्याच संध्याकाळी सगळं सांगायचं ठरवून तात्यांकडे गेलो. तेच आधी बोलले. "सर, म्हातारपणी माझंच तोंड सैल पडलं असंन. कुठं बोललो, लई आठवून राह्यलो, आठवत न्हाई." मग चहा पुढे सरकवत, "तुमचं कुलूप त पक्कं होतं ना?"

मी मान हलवली. ती हो होती की नाही, मला आजही सांगता येत नाही. त्यांनी हो धरलं. मी चहा पिऊन घरी आलो.

त्यानंतर तात्यांनी एकही सोयरीक जुळवली नाही. दोन वर्षांपूर्वी गेले. शेवटच्या आजारातही मला विचारत होते, "बसस्टँडवर बोललो असंन का हो मी?" मी त्यांच्या अंगावरची शाल नीट केली.

तात्या कुठेही बोलले नव्हते, कुलूप माझं होतं. अंबडला त्या मुलीच्या घरी जाऊन एवढं सांगायचं माझ्याकडे अजून बाकी आहे.