भगुन्याचा पोचा

आमच्या स्वयंपाकघरात एक पितळेचं भगुनं आहे. तिघांचं वरण मावेल एवढं, जाड बुडाचं. त्याच्या एका अंगाला तळहात बसेल एवढा पोचा होता. बायकोनं माहेराहून आणलेली ती एकच वस्तू.

तिचं गाव निलंग्याच्या पुढं. भूकंपात ते सबंध पडलं तेव्हा ती अठरा वर्षांची होती. आई गेली, घर गेलं. दोन वर्षांनी आमचं लग्न झालं, तेव्हा तिचे वडील आणि धाकटा भाऊ अजून पत्र्याच्या शेडमध्येच राहत होते. रुखवत वगैरे काही नव्हतं, आणि आम्हाला नकोही होतं. मी तेव्हा शिरूर अनंतपाळला जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होतो. दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात ती आली ती एका कापडी पिशवीत हे भगुनं घेऊन. बाकीची भांडी मी बाजारातून नवी आणली होती. ती तिनं फळीवर मांडली आणि वरण मात्र ह्याच्यात लावलं.

एकदा मी म्हणालो, "ह्याचा पोचा काढून आणू का?"

"नको. राहू द्या," ती म्हणाली.

मी पुढं विचारलं नाही. भूकंपाचं तर मी कधीच विचारलं नाही. लग्न ठरलं तेव्हाच माझ्या आईनं मला बजावलं होतं, पोरीला त्या दिवसाची आठवण काढून देऊ नको. मी ते मनापासून पाळलं. इतकी वर्षं मला वाटायचं, आपण विचारत नाही ही आपली माया आहे.

माझ्या निवृत्तीला आठ महिने राहिले असताना ती गेली. कावीळ झाली आणि पंधरा दिवसांत सगळं आटोपलं. मुलगी पुण्याला नोकरी करते, जावईही तिथेच. तेराव्यानंतर ती म्हणाली, "बाबा, चला माझ्याकडं." मी म्हणालो, "शाळा आहे ना." मग शाळाही संपली. तोवर बदलीनंतर घेतलेल्या लातूरच्या ह्या घरात एकट्यानं राहायची, सवय नाही म्हणता येणार, पण एक रीत पडली होती.

स्वयंपाक मला येत नव्हता. चहा यायचा आणि पोहे यायचे, तेही कांदा कुणी चिरून दिला तर. सुरुवातीला डबा लावला. डब्यातली भाजी रोज एकाच चवीची लागायला लागली, तेव्हा मुलीनं फोनवर शिकवणी सुरू केली. मिठाच्या बरणीला फोन टेकवून ठेवायचा आणि ती पुण्यातून बघून सांगायची. "बाबा, जिरं करपलं. गॅस बारीक करा." भात जमला, वरण जमलं. भाकरी काही जमेना. थापता थापता कडा फाटायच्या आणि तव्यावर टाकेपर्यंत तिचे तीन तुकडे व्हायचे. ते तुकडे मी दुधात कुस्करून खायचो. चार महिन्यांनी पहिली भाकरी फुगली, तेव्हा ती कुणाला दाखवावी म्हणून मी ताट घेऊन दारापर्यंत आलो. समोर कुणी नव्हतं. परत आत जाऊन बसलो आणि खाल्ली.

मागच्या अंगणात तिची बाग होती. बाग म्हणजे रंगाचे रिकामे डबे, एक फुटकी बादली आणि भिंतीलगतची हातभर जमीन. तिच्यात कढीपत्ता, गवती चहा, अंबाडी, दोडक्याचा वेल. आमच्याकडं नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतं, म्हणून डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी ती झाडांना घालायची. तेही मी तसंच चालू ठेवलं. एकट्या माणसाची डाळ ती किती आणि तिचं धुवण किती! पहिल्या उन्हाळ्यात दोडका वाळून गेला. कपाटात बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात तिनं बिया ठेवल्या होत्या, वर्तमानपत्राच्या पुड्या बांधून. प्रत्येक पुडीवर तिच्या गोल अक्षरात नाव. 'दोडका, गोड.' 'मिरची, तिखट नाही.' 'वाल, माहेरचा.' दोडका मी पुन्हा लावला. वालाची पुडी उघडायला मन झालं नाही.

तर भगुनं. वरण मी त्यातच लावायचो. डावानं ढवळलं की डाव त्या पोच्यावर आतून अडखळायचा, टक् असा आवाज यायचा. घरात दुसरा आवाज नसताना तो बरा वाटायचा.

मागच्या चैत्रात एक दिवस चिंचेची आमटी केली, चांगला येसर मसाला घालून. दुपारी उरलेली तशीच भगुन्यात राहिली. संध्याकाळी भातावर घेतली तर तोंडात धरवेना. कळकली होती. आत पाहिलं तर कल्हई कधीच उडून गेलेली, पितळ उघडं पडलेलं. तिच्या हयातीत असं कधी झालं नव्हतं. कल्हई ती कधी करून आणायची, कुठून आणायची, हे मला ठाऊक नव्हतं. घरातल्या कितीतरी गोष्टी आपोआप होतात असंच मी धरून चाललो होतो.

दोन दिवस हिंडलो. शेवटी गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत एक म्हातारे चाचा सापडले. एका कोपऱ्यात त्यांची भट्टी आणि बाकीच्या दुकानात त्यांच्या मुलाचं गॅसच्या शेगड्या दुरुस्त करायचं काम. चाचांनी भगुनं हातात घेतलं, नखानं वाजवून पाहिलं.

"पुराना माल हाय, सर. असं पितळ आता येत न्हाई. कुणाचं हाय?"

"घरचंच आहे."

"बाई आणायच्या का हे? पोच्यावाली हंडी. दर दोन सालाला यायच्या. दिसल्या न्हाईत लई दिवस."

मी सांगितलं. चाचांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "आज भट्टी न्हाई लावली. उद्या या. एकदम चांदीसारखी करून देतो."

दुसऱ्या दिवशी गेलो तर चाचा नमाजाला गेले होते. मुलानं भगुनं आणून समोर ठेवलं. आत कथलाची पांढरी लकाकी, बाहेर पितळ चिंचेनं घासल्यासारखं पिवळंधमक. मी ते हातात घेऊन फिरवलं. पुन्हा फिरवलं. पोचा नव्हता.

"अब्बानं काढला, सर," तो हसून म्हणाला. "बाईंची हंडी हाय म्हणले, नीट करून देऊ. तासभर ठोकत बसले होते. त्याचे काही देऊ नका."

त्या म्हाताऱ्या माणसानं तासभर बसून प्रेमानं केलेलं काम. बायको दर वेळी त्यांना 'पोचा राहू द्या' म्हणत असणार. मी म्हणायला विसरलो. 'चाचांना सांगा, छान झालंय,' असं म्हणून मी निघालो.

घरी येऊन वरण लावलं. डाव सगळीकडून गुळगुळीत फिरला. जेवलो नाही. वरवंटा हातात घेऊन भगुन्यासमोर उभा राहिलो, एक घाव घालावा असं मनात आलं होतं. पण मी घातलेला पोचा माझाच झाला असता. वरवंटा जागेवर ठेवला.

चार दिवसांनी भगुनं पिशवीत घालून निलंग्याच्या एसटीत बसलो. तिथून पुढं टमटम. मेहुण्याकडं मी तेराव्यानंतर गेलोच नव्हतो. पुनर्वसनाचं गाव ते, सरळ रस्ते, एकासारखी एक घरं. मेहुणा ओसरीवर पेंडीचं पोतं शिवत बसला होता. मला पाहून उठला.

"दाजी! लई दिसानं आलाव. फोन तरी करायचा की."

चहा झाला. मी भगुनं काढून त्याच्यापुढं ठेवलं. त्यानं उचललं आणि सवयीनं अंगठा फिरवत गेला. अंगठा कुठं थांबलाच नाही.

"ह्याचा पोचा कुठाय?"

मी झालं ते सांगितलं. त्यानं भगुनं उजेडाकडं धरून पाहिलं.

"तुमाला म्हाईत हाय न्हवं, तो कशाचा व्हता?"

"वरून दगड पडला असेल."

"न्हाई दाजी. पडून न्हाई झाला त्यो."

मग तो सांगत गेला. त्या पहाटे तो आणि वडील, अण्णा, शेतात होते, हायब्रीड ज्वारी राखायला. घरात आई आणि आक्का, दोघीच, स्वयंपाकाच्या खोलीत निजलेल्या. जमीन हलली तशी हे दोघं अंधारात गावाकडं पळत सुटले. उजाडलं तर गाव कुठं संपतं आणि रान कुठं सुरू होतं ते कळेना. आपलं घर कोणतं तेही कळेना. सगळी माती आणि दगड.

"हाका मारून मारून आमचा आवाज बसला. मग अण्णा म्हणले, गप ऱ्हा, काय तरी वाजतंय. खालून ठण, ठण. थांबायचं, परत ठण. आक्का व्हती ती. उतरंड कोसळली तवा हे भगुनं तिच्या अंगावर आलतं. एक हात अडकलेला. दुसऱ्या हातानं दगड घेऊन ह्याच्यावर हाणत व्हती. एकाच जागी. दुपारपतोर मारीत व्हती, दाजी. आमी दोघांनी हातानं दगडं काढली."

"आणि आई?"

"माय तिच्या शेजारीच व्हती. आदी बोलत व्हती म्हनं. म्हनली, वाजव पोरी, थांबू नको. मग बोलायची थांबली. आक्का न्हाई थांबली."

त्यानं भगुनं खाली ठेवलं. मी म्हणालो, "माझी चूक झाली."

"तुमी काय मुद्दाम केलाव का? भांडं हाय, वापरा." मग माझ्याकडं बघून त्यानं विचारलं, "पर आक्कानं कधीच सांगितलं न्हाई व्हय तुमाला?"

"सांगितलं होतं थोडंसं," मी म्हणालो.

हे मी खोटं बोललो. त्याला कळलंही असेल. त्यानं पुढं काही विचारलं नाही. निघताना त्याच्या बायकोनं शेंगदाण्याची चटणी आणि चार भाकरी बांधून दिल्या. परतीच्या एसटीत खिडकीशी बसून मी सारखा हिशेब करत होतो की आमच्या घरात किती वेळा संध्याकाळी लाइट गेली असेल, आम्ही दोघं समोरासमोर बसलो असू, मला काहीही विचारता आलं असतं आणि मी विचारलं काय, तर मेणबत्ती कुठे आहे.

दुसऱ्या दिवशी मुलीला फोन करून सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. मध्ये एकदाही 'काय सांगता!' म्हणाली नाही, तेव्हा मला शंका आली.

"तुला माहीत होतं?"

"हो, बाबा."

"कधीपासून?"

"सातवीत होते तेव्हा. मी भांडी घासत होते, मी विचारलं, हे असं का गं आहे. तर तिनं सांगितलं. नंतरही पुष्कळदा सांगायची."

"मला का नाही सांगितलं मग?"

"मी विचारलं होतं तिला. म्हणाली, ह्यांनी कधी विचारलं नाही. ह्यांना ऐकवणार नाही ते."

मला राग आला नाही. रडूही आलं नाही. आम्ही दोघं एकमेकांना जपत होतो आणि जपता जपता मी सत्तावीस वर्षं एका बाजूला राहिलो, ती एका बाजूला. मुलगी 'बाबा, बाबा' करत होती. मी म्हणालो, "आहे इथेच. आणखी काय सांगायची ती?"

तेव्हापासून दर रविवारी सकाळी तिला सुट्टी असते तेव्हा मी फोन करतो आणि तिच्या आईचं काहीतरी विचारतो. पहिल्यांदा तिला अवघड झालं. आता तीच आठवून ठेवते. आईला सायकल शिकायची होती. आईला माझ्या एका मास्तर मित्राचा फार राग यायचा, तो जेवून ताटात हात धुवायचा म्हणून. आई एकटी असली की मोठ्यानं जात्यावरच्या ओव्या म्हणायची. तिचा गाता आवाज मी कधी ऐकला नव्हता. काही रविवारी दोघांनाही काही सुचत नाही, मग आम्ही भाज्यांचं बोलतो.

मागच्या रविवारी तिनं विचारलं, "बाबा, आई नेहमी दाराजवळच का झोपायची, माहीत आहे?"

मी म्हणालो, "तिला उकडायचं."

"त्या पहाटे ती आतल्या खोलीत निजली होती, बाबा," ती म्हणाली. मलाही मग कळलं. ती वाऱ्यासाठी दारात झोपते असं समजून मी दर उन्हाळ्यात तिच्यावर चिडायचो, कूलरच्या समोरची जागा सोडून तिथे काय झोपतेस म्हणून. ती हसून 'मला इथंच बरं वाटतं' म्हणायची आणि चादर ओढून घ्यायची.

फोन ठेवला. अंबाडी निवडायची राहिली होती. ती घेऊन मी उंबऱ्यापाशी खाली बसलो, जिथे तिची गादी असायची, आणि एकेक पान खुडत राहिलो.