मिठाच्या वखारीतली मोटार

देश स्वतंत्र झाला आणि साहेब लोक चीजवस्तू विकून विलायतेला निघाले. त्यांतल्या एकाची अमेरिकन मोटार मी घेतली. लढाईच्या आधीची, लांबलचक नाकाची, पुढे चकचकीत जाळी आणि टोकावर पंख पसरलेल्या बाईची धातूची मूर्ती. नौपाड्याच्या बाजारातून आणली तेव्हा दुकानदार गिऱ्हाइकं सोडून बाहेर आले.

पावसाळ्यात ती ठेवायची कुठे? आमची मिठागरं होती. खाडीकाठच्या मिठाच्या वखारीत टिपूस गळत नसे. मी म्हटलं, घरात मासळी, कैऱ्या, सगळं मिठात टिकतं, मग ही का नाही टिकणार? काय अक्कल माझी! बाबा तेव्हा आपल्या बहिणीकडे टिटवाळ्याला होते. त्यांना विचारायची गरजही मला वाटली नाही.

दसऱ्याला हार घेऊन गेलो. मिठाची रास सरकून चाकांपर्यंत आली होती. मी गाडीच्या पायरीवर पाय ठेवला आणि ती गंजून पापडासारखी मोडली. दाराची मूठ ओढली, ती हातात आली. पंखवाल्या बाईच्या तोंडावर फोड उठले होते.

टिटवाळ्याहून परतलेले बाबा मागून आले. गाडीकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. माझा हात धरून वखारीच्या दारावर ठेवला आणि म्हणाले, "यात एक खिळा दाखव."

वरपासून खालपर्यंत लाकडी खुंट्या होत्या, लोखंड कुठेच नव्हतं. पणजोबांनी ठोकलेल्या. तेच दार उघडून मी गाडी आत घातली होती.