अम्मीच्या नावावरचे दोन पारे

आमची अम्मी गेल्यावर चाळिसाव्या दिवशी मी तिला सर्वांसमक्ष झापलं.

तेही मस्कतहून. मी तिथं एसी दुरुस्त करतो आणि निमगाव केतकीचं घर मोबाईलवरून सांभाळतो (असं मी समजतो). अम्मीला माती द्यायलाही मी मोबाईलवरूनच हजर होतो. ऐन मातीच्या वेळी नेट गेलं आणि पडद्यावर नुसती चकती फिरत राहिली. मी कामाच्या व्हॅनमध्ये बसून त्या चकतीकडं बघत रडलो.

तेव्हाच ठरवलं, चाळिसाव्याला तरी कसूर करायची नाही. कुरआनचे तीस पारे, म्हणजे तीस भाग. ते नातेवाइकांत वाटायचे, ज्यानं त्यानं आपला पारा वाचून ग्रुपवर हिरवी टिक टाकायची आणि तीस टिका झाल्या की घरी मौलानांनी अम्मीसाठी दुआ मागायची. दर रमजानला आमचा हा कारभार असतोच आणि सात वर्षं त्याचा ॲडमिन मी! (ॲडमिनला स्वतःचा पारा नसतो. हा नियमही मीच केलेला.) कामाच्या गडबडीत मी रमजानची जुनी यादी उचलली आणि न वाचताच ग्रुपवर ढकलून दिली.

चाळिसाव्याच्या दुपारी निमगावात साठ माणसं जमली, मौलाना येऊन बसले, बिर्याणीची डेग उतरली आणि ग्रुपवर टिका किती? अठ्ठावीस!

पहिला संशय बारामतीच्या दस्तगीरमामूंवर. हा माणूस रोज सकाळी गुलाबाची चित्रं पाठवतो, पण कामाचं काही पाठवत नाही.

"मामू, तुमचा पारा?"

"सकाळीच वाचला की! आयकवू का?" म्हणत त्यांनी सुरुवातही केली! (आता कुरआन चालू असताना फोन कापायचा कसा?) पाच मिनिटं गेली.

मग लोणी देवकरला कारखान्यात असलेला चुलतभाऊ आसिफ.

"भाई, हळू बोला, सायेब हायत. बाथरूममदनं बोलतोय."

"पारा वाचलास का?"

"व्हय. पर बाथरूममदी न्हाय हां, घरी वाचलाय!"

माझी जेवणाची सुट्टी संपत आली होती. माझं डोकं फिरलं. ग्रुपवर आवाजी मेसेज टाकला, "दोन टिका अजून न्हाईत! अम्मीनं तुमचं काय कमी केलं? एक पारा वाचवंना व्हय? उद्या अल्लासमोर काय जाब देनार?" (घरात आम्ही दखनी बोलतो, इथं तुमच्यासाठी मराठीत सांगतोय. राग आला की मात्र मराठीच निघते.)

आता झालं असं, की अम्मीचा फोन माझी बहीण शबाना अजूनही रोज चार्ज करते. तो ग्रुपमध्ये होता, आणि अम्मीला कमी ऐकू यायचं म्हणून त्याचा आवाज फुल्ल! मौलानांच्या शेजारच्या कोनाड्यात तो वाजला. बंद करायच्या घाईत शबानाचं बोट नेमकं माझ्या मेसेजवर पडलं आणि साठही माणसांनी माझं भाषण ऐकलं.

लगेच तिचा व्हिडिओ कॉल आला. डोळे लाल.

"भाई, यादी वाचलीस का? ऱ्हायलेले दोन्ही पारे अम्मीच्या नावावर हायत."

मी यादी उघडली. एकोणतीस, अम्मी. तीस, अम्मी. पहिल्या वर्षी तिनं "मला दोन दे" म्हटलं होतं. हौस असेल म्हणून मी दिले होते.

"पन तिला दोन कशाला?"

"एक तिचा, एक तुजा. पोरगं तितं उनात राबतंय, त्याचं ऱ्हायला नको, म्हनायची. सात वर्सं तुजा तिनंच वाचला."

तिच्यामागं बसलेल्यांपैकी कुणीच हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

"एकोनतिसावा मी वाचते," शबाना म्हणाली. "तिसावा तू वाच. मौलाना थांबत्यात."

साहेबाला गॅस गळतोय म्हणून थाप मारली, पिण्याच्या पाण्यानं रस्त्याच्या कडेला हात-तोंड-पाय धुऊन वुजू केला आणि व्हॅनमध्ये बसलो. माझ्या मोबाईलवर घर, ड्रायव्हरच्या मोबाईलवर कुरआन. तिसावा पारा आमच्यात लहान मुलांना आधी शिकवतात. मला तो दीड तास पुरला! दर दोन ओळींना मौलाना चूक काढत होते, बिर्याणी गार होत होती, पण साठांतला एकही उठला नाही. मध्येच मला रडू आवरेना, तर मामू ओरडले, "रड मागनं, आदी वाच!"

टिक टाकली. सात वर्षांतली माझी पहिली टिक. मग दुआ झाली.

संध्याकाळी मामूंनी ठराव मांडला, ॲडमिन शबाना. ग्रुपवर धडाधड आमीन पडले. नव्या ॲडमिननं तासाभरात पुढच्या रमजानची यादीही टाकली. एकोणतीस, भाई. तीस, भाई.

रमजानला अजून आठ महिने आहेत. मी आजच वाचायला बसलोय, माझ्या वेगानं कसेबसे पुरतील.